मस्टरवर आमचं नाव कधी येणार?

प्रति,
माननीय कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी पुण्यात बांधकामावर काम करते. मुकादमाच्या वहीत मात्र मी नाही. तिथे नवऱ्याचं नाव असतं आणि त्याच्यापुढे लिहिलेलं असतं, 'जोडी'. आठवड्याचा हिशेब त्याच्याच हातात पडतो. आपल्या खात्याला ही पद्धत ठाऊक नसेल, असं मी मानत नाही. साइटच्या गेटवर अर्धा तास उभं राहिलं तरी ती दिसते. ती आपण इतकी वर्षं चालू का दिलीत, एवढंच विचारायचं आहे.

कारण पुढचं सगळं त्या वहीवर अडतं. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मागायला जावं, तर ठेकेदार वही उघडून म्हणतो, "बाई, तुमची हजेरी कुठाय?" नवऱ्याची नोंदणी असली तर बाळंतपणाचे 15 हजार मिळतात, सिझेरियन झालं तर 20 हजार. पण ते कामगाराची बायको म्हणून. दिवस भरत आले तरी घमेली वाहणारी बाई आपल्या कागदावर स्वतः कामगार होत नाही. नवरा टाकून गेला, तर तिने कुणाचा दाखला आणायचा?

पाळणाघराचंही तेच. 50 हून जास्त स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, हे बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याने कलम 35 मध्ये सांगितलं होतं. या 50 बाया मोजायच्या होत्या कशावरून? मस्टरवरून. मस्टरवर बाया नाहीतच, मग खोली कशाला! आमची पोरं वाळूच्या ढिगावर, सळ्यांच्या भाऱ्यांशेजारी बसलेली असतात, मोठीने धाकटीला धरून. ती मोठीही शाळेत असायला हवी. मुंबईत मोबाइल क्रेशेस ही संस्था सत्तरच्या दशकापासून साइटवर पाळणाघरं चालवते आहे. म्हणजे हे कसं करायचं, हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे.

पैसा नाही, असं तर आपण म्हणूच नका. इमारतीच्या खर्चाचा एक टक्का उपकर आमच्या नावाने घेतला जातो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात आकडे मांडले. देशभरात 37,400 कोटींहून जास्त जमा झाले होते आणि कामगारांवर खर्च झाले होते साडेनऊ हजार कोटींच्या आसपास. त्याच्या आदल्या वर्षी न्यायालयासमोर हेही आलं, की या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतली गेली. पत्र्याच्या खोलीत, टँकरच्या पाण्यावर, वॉशिंग मशीन! अलीकडे आपल्या मंडळाने भांड्यांचे संच वाटले. भांडी घरात लागतातच, नाही म्हणत नाही. पण साइटवर माझ्या हातात काय असावं, याबद्दल आपल्या खात्याचं काही म्हणणं आहे का?

असं विचारते, कारण खरी नाडवणूक तिथे आहे. पोरगा बिगारी म्हणून येतो, मिस्त्रीच्या हाताखाली दोन-चार वर्षं काढतो आणि करणी धरतो. बाई पहिल्या दिवशी घमेलं उचलते आणि गुडघे जाईपर्यंत तेच उचलत राहते. मी गिलावा शिकले तो जेवणाच्या सुट्टीत, जिन्याखालच्या भिंतीवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी. माल किती सैल हवा, करणीने तो भिंतीवर मारताना मनगट कुठे वळवायचं, पट्टी किती दाबून ओढायची, हे हळूहळू हातात बसलं. एकदा मिस्त्री आला नाही, तेव्हा दोन बाथरूमचा गिलावा मी केला. इंजिनियरने ओळंबा सोडला, पट्टी लावून पाहिली, कुठे फट दिसली नाही. काम पास झालं, हजेरी मात्र बिगारीचीच लागली. बाईला मिस्त्रीचा रोज दिला तर बाकीचे काय म्हणतील, म्हणे. महोदय, समान कामाला समान मोबदल्याचा कायदा 1976 चा. आता तो वेतन संहितेत गेला. तो मोडायची कुणाला गरजच पडत नाही. बाईला कुशल म्हणून लिहिलंच नाही, की झालं.

बायकांना हे जमायचं नाही, असं आपल्याला कुणी सांगत असेल तर त्याला झारखंडला पाठवा. शौचालयं बांधायला बायकांना शिकवून तयार केलं गेलं. 'रानी मिस्त्री' म्हणून त्यांना तिथे ओळखतात. केरळात कुडुंबश्री बचत गटांच्या बायकांनी घरं उभारली. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्याच सरकारने गावोगावच्या महिला गटांना घरांच्या दुरुस्तीच्या कामात जोडून घेतलं होतं. तेव्हा जे सुचलं, ते आत्ता का सुचत नाही?

दर 8 मार्चला आमच्या कष्टांवर भाषणं होतात. यंदा भाषण नको. आपल्या निरीक्षकांनी ऑफिसात बसून मस्टर तपासण्यापेक्षा सकाळी नऊ वाजता साइटवर येऊन डोकी मोजावीत. नवऱ्याची हजेरी वेगळी, बायकोची वेगळी, आणि तिची मजुरी तिच्या खात्यात. जिला गिलावा येतो तिची परीक्षा भिंतीवर घ्या आणि पास झाली तर गवंडी म्हणून लिहा. याचा आदेश कोणत्या तारखेला निघेल, आणि तो मोडणाऱ्या ठेकेदाराचं आपण काय करणार, हे लेखी कळवावं.

आपली,
पुण्यातली एक गवंडी