बाणाई गाळायची का?

आमच्या कुळाचा देव जेजुरीचा खंडोबा. आमची चुलत घराणी धरली तर चौदा-पंधरा घरे होतात, आणि ती आता चार शहरांत आणि तीन देशांत पांगली आहेत. कुणाकडे देवघरात टाक आहेत, कुणाकडे नुसती तसबीर. चंपाषष्ठी जवळ आली की मला फोन सुरू होतात. तळी कशी भरायची, ताम्हणात काय काय ठेवायचे, दिवटी नसेल तर निरांजन चालेल का, असे प्रश्न असतात. दर वर्षी तेच ते सांगण्यापेक्षा कुलाचाराची एक छोटी पुस्तिका काढून घरोघरी द्यावी, असे आमच्या एका पुतण्याच्या मनात आले. कल्पना मला फार आवडली. घरातली मराठीची मास्तरीण मीच, म्हणून शुद्धलेखन तपासायला मजकूर माझ्याकडे आला.

मजकूर चांगला होता. मणी-मल्लाची कथा होती, आरती होती, तळीची कृती होती. पण बाणाई कुठेच नव्हती. वाघ्या-मुरळीही नव्हते. मला वाटले, एखादे पान राहिले असेल. फोन केला तर म्हणाला, "काकू, मुद्दामच गाळलंय. देवाच्या दोन बायका, त्यांची भांडणं, हे पोरांना कसं समजावायचं? आणि मुरळीचं तर नावसुद्धा नको वाटतं."

आमच्या धाकट्या भावजींचे म्हणणे आणखी वेगळे पडले. बाणाई ही धनगरांची कथा, पोथीतले मूळ तेवढे ठेवावे, असे ते म्हणाले. दोघेही माझ्या मायेचे आहेत आणि दोघेही हे वाचणार आहेत. तरी लिहिते, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. कुलाचार लिहून काढायला बसलेल्या प्रत्येक घरात आज तो येतो आहे.

आधी पोथीतले बघू. 'मल्हारी माहात्म्य' हा संस्कृत ग्रंथ स्वतःला ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणवतो. मणी आणि मल्ल हे दोन दैत्य भाऊ ब्रह्मदेवाच्या वराने उन्मत्त झाले. त्यांनी ऋषींचे आश्रम उद्ध्वस्त केले, तेव्हा शंकराने मार्तंडभैरवाचे रूप घेतले आणि सात कोटी सैन्य घेऊन तो त्यांच्यावर चालून गेला. आपण 'येळकोट' म्हणतो त्याचा एक अर्थ हाच सांगतात. कानडीत 'एळु' म्हणजे सात, म्हणून येळकोट म्हणजे सात कोटी. मणी शरण आला, त्याने आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवाच्या ठाण्याशी जागा मागून घेतली. मल्लाची मागणी मात्र जगाच्या नाशाची होती. त्याचे मस्तक पायरीशी आले, आणि मल्लाचा अरी म्हणून देवाला मल्हारी हे नाव पडले.

कथा भव्य आहे, पण तिच्यातला देव रणांगणावरचा आहे. घरात, शेतात, बाजारात वावरणारा खंडोबा भेटतो तो जागरणाच्या गाण्यांतून. तिथे त्याची पहिली बायको म्हाळसा, नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. तिचे लग्न पालीला पौष पौर्णिमेस लागले, आणि आजही दर वर्षी तिथे ते लागते. दुसरी बाणाई, धनगराची लेक. गाण्यांत सांगतात की देव म्हाळसेशी सारीपाट खेळताना पण हरला आणि बारा वर्षे घराबाहेर गेला. म्हाताऱ्या गड्याचे सोंग घेऊन तो बाणाईच्या बापाकडे मेंढ्या राखायला राहिला. एकदा मेंढ्या धुवायला सांगितल्या, तर त्याने त्या आपटून मारल्याच. मग बाणाईने लग्नाला होकार दिल्यावर भंडारा उधळून सगळा कळप उठवला.

पुढे बाणाईला जेजुरीला आणले तेव्हा दोघी सवतींचे जे भांडण जुंपले, ते ऐकत जागरणाची अर्धी रात्र निघून जाते. तू वाण्याची, मी धनगराची, तुझ्या घरी काय आणि माझ्या घरी काय, सगळे निघते. सात कोटींचा सेनापती मधे उभा राहून दोघींची समजूत घालत असतो. मांडवात बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. दोन बायका करणे कसे चांगले, असे या गाण्यांत मला तरी कधी ऐकू आले नाही. देव झाला तरी त्याची कशी त्रेधा उडते, हेच ऐकू आले. पोरांना हे समजवावे लागेल असे मला वाटत नाही. त्यांना ते आपल्या आधी कळते.

आता 'मूळ' आणि 'नंतरचे' याविषयी. हा देव एकट्या महाराष्ट्राचा नाही. कर्नाटकात तो मैलार आहे, तेलंगणात मल्लन्ना. तेलंगणातल्या कोमुरवेल्लीच्या डोंगरावरच्या मल्लन्नालाही दोन बायका आहेत. मेडलम्मा ही बलिजा, म्हणजे व्यापारी समाजातली, आणि केतम्मा ही गोल्ला, म्हणजे गुराखी-धनगरांची. नावे वेगळी आणि भाषा वेगळी, पण मांडणी तीच. एक बायको पेठेतली, एक रानातली. एवढ्या दूरच्या दोन भाषांत एकच सांगाडा सापडतो, तेव्हा ती कुणीतरी मागाहून चिकटवलेली गोष्ट आहे असे म्हणणे मला जड जाते. रा. चिं. ढेरे यांनी 'दक्षिणेचा लोकदेव खंडोबा' या ग्रंथात या दैवताचा मोठा पट मांडला आहे. गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक तर धनगरांबरोबर हिंडून हा देव समजून घेत होते. परक्या देशातला माणूस ज्या गाण्यांसाठी माळरान तुडवतो, ती आपण घरातल्या पुस्तिकेतून गाळायची, हे मला पटत नाही.

आणि पुस्तिकेतून बाणाई काढली तरी डोंगरावरून कशी काढणार? जेजुरीला दोन ठाणी आहेत. कडेपठार हे उंचावरचे जुने, आणि गडकोट हे आपण सगळे जातो ते. गडाच्या पायऱ्यांना नवलाख म्हणायची पद्धत आहे. मोजल्या तर काहीशे भरतात. वर गाभाऱ्यात देवाशेजारी म्हाळसा आहे. बाणाईचे ठाणे आहे वाटेवर, चढणीच्या मध्यावर. सवतींचे भांडण मिटवायला देवाने वरचा भाग एकीला दिला आणि खालचा दुसरीला, असे सांगतात. म्हणजे ही कथा दगडात बांधलेली आहे. वर जाणारा माणूस बाणाईवरूनच जातो. ज्या होळकरांनी जेजुरीच्या बांधकामाला हात सैल सोडला ते स्वतः धनगर, आणि मल्हाररावांचे नावही देवाचेच. भावजी, 'त्यांची कथा' आणि 'आपला देव' अशी वाटणी गडावर तरी करता येत नाही हो!

आपली पूजाही पाहा. चातुर्मासात कांदा-वांगे वर्ज्य करायचे, त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला ते पोटभर खाऊन घ्यायचे. मग मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून सहा दिवसांचे नवरात्र, आणि षष्ठीला नैवेद्य असतो वांग्याचे भरीत, बाजरीचा रोडगा आणि कांद्याची पात. या दिवसांत बाजरी नवी आलेली असते, वांगी कोवळी असतात, पात हिरवीगार असते. हे कोरडवाहू मुलखाचे ताट आहे. तळी उचलतानाची 'सदानंदाचा येळकोट' ही आरोळी, दिवटी-बुधली, वाघ्याची दिमडी आणि कोटंबा, कपाळभर लावलेली हळद, यात भटजींवाचून अडते असे फार थोडे आहे. सोमवती अमावास्येला देव पालखीत बसून कऱ्हेवर आंघोळीला जातो. दसऱ्याच्या रात्री गडाची आणि कडेपठाराची पालखी डोंगरातल्या रमण्यात भेटतात, आणि मग गडावर सुमारे ४२ किलोचा खंडा उचलायची चढाओढ लागते. हा सगळा डोल रानातल्या आणि रणातल्या माणसांचा आहे. बाणाई गाळली तर ही पूजा अशी का, याचे उत्तर पोरांना देता येणार नाही.

शिवाय २०१४ ते २०१७ मध्ये 'जय मल्हार' ही मालिका घराघरांत पाहिली गेली. माझ्या नातवंडांना बानू ठाऊक आहे ती तिथूनच. आपण गाळली तर त्यांच्यापाशी मालिकेतली तेवढी उरेल, इतकेच होईल.

मुरळीचे मात्र वेगळे आहे. तिथे माझा आवाज जरा चढतो.

नोकरीच्या सुरुवातीला, १९७० च्या दशकात, मी एका वाडीतल्या शाळेत होते. सहावीत एक मुलगी होती. पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखे. तिच्या गळ्यात कवड्यांची माळ होती. घरात मुले जगत नव्हती, तेव्हा नवस बोललेला होता. एका सोमवतीनंतर ती शाळेत यायची थांबली. हेडमास्तर आणि मी घरी गेलो. तिच्या आजीने आम्हाला चहा दिला आणि शांतपणे सांगितले, "बाई, ती देवाची हाय. तिला साळंचं काय?" आम्ही पुन्हा दोनदा गेलो. पोरगी दिसली नाही.

मुलीचे देवाशी लग्न लावायचे आणि मग तिला संसार नाही, शाळा नाही, कायद्याचा नवरा नाही. तिच्या पोटी जन्मलेल्यांना बापाचे नाव नाही. ही प्रथा मुख्यतः गरिबांच्या आणि दलितांच्या घरांतून मुली उचलत होती. तिच्याविरुद्ध पहिली हाकही त्यांच्यातूनच आली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' हे पत्र सुरू केले आणि त्यातून मुरळ्या सोडण्याच्या चालीवर कोरडे ओढले. विठ्ठल रामजी शिंदे यांनीही हा प्रश्न हाती घेतला. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, आणि २००५ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. १९३४ चा कायदा असतानाही माझ्या वर्गातली ती मुलगी गेली, हे मला विसरता येत नाही. आज जागरणाच्या पार्टीत मुरळी म्हणून गाणाऱ्या बाईला मी कलावंत मानते आणि तिची बिदागी तिला मानाने द्यावी असे सांगते. पण लहान मुलगी देवाला सोडणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे.

मग मुरळीचे पान पुस्तिकेत का हवे? ते नसेल तर पोरांना वाटेल की आपल्या देवाच्या नावावर कधी काही वाईट झालेच नाही. आणि ते थांबवायला किती माणसांनी शिव्या खाल्ल्या, हेही त्यांना कळणार नाही. पुतण्याला लाज वाटली हे मला आवडले. पण ज्याची लाज वाटते ते लिहून ठेवावे, म्हणजे पुन्हा होत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की कथा एकही गाळू नये आणि प्रथा मात्र एकेक करून पारखून घ्यावी. कथा ऐकल्याने कुणाचे नुकसान होत नाही. प्रथेने होऊ शकते. मणीच्या नावाने बोकड कापायची चाल काही घरांत होती, आमच्या घरात ती माझ्या सासऱ्यांनी बंद केली. देव रागावल्याचे ऐकिवात नाही. नव्या नवरीला उचलून गडाच्या पायऱ्या चढायची हौस आहे, ती खुशाल करावी. आमच्या यजमानांनी मला पाच पायऱ्या नेले आणि मग म्हणाले, "आता चाल." ज्याची कंबर दुखते त्याने हात धरून चढावे. भंडारा उधळावा, पण तो खऱ्या हळदीचा आहे ना हे बघून. पिवळी दिसते ती प्रत्येक पूड हळद नसते, आणि ती लोकांच्या डोळ्यांत जाते. तळी उचलायला आमच्याकडे पुरुषच बसतात, पाच किंवा सात. यंदा एक जागा नातीला द्यावी अशी माझी सूचना आहे. तीही येळकोटच म्हणणार आहे.

बाणाईचे आणि मुरळीचे अशी दोन पाने लिहून मी पुतण्याकडे पाठवली आहेत. त्याने वाचतो म्हटले आहे. भावजींचा फोन अजून आलेला नाही, पण ते येत्या रविवारी जेवायला येणार आहेत, भरिताची वांगी आणून ठेवली आहेत.

आपल्या घरी खंडोबा असेल तर बाणाईची कथा तुमच्याकडे कशी सांगतात, मेंढ्या धुतल्या की आणखी काही, आणि नैवेद्याला काय करतात, ते जरूर कळवा. पुस्तिकेत एक पान त्यासाठी कोरे ठेवायला मी सांगितले आहे.