दुवा तोंडपाठ आहे, पण अर्थ?

शनिवारवाड्याचा वाद आठवतोय ना? ऑक्टोबर 2025. काही महिलांनी तिथे नमाज पढल्याचा व्हिडिओ फिरला. खासदार मेधा कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली गोमूत्र शिंपडून जागा 'शुद्ध' केली गेली. अनोळखी महिलांवर गुन्हाही दाखल झाला. सगळी चर्चा जागेची: वाडा कोणाचा, नियम काय, परवानगी होती का. त्या बायका मागत काय होत्या, हे कोणीच विचारलं नाही.

आणि समजा कोणी विचारलं असतं, तर आपल्यातल्या किती जणांना ते सरळ मराठीत सांगता आलं असतं?

हा प्रश्न मी आपल्याच लोकांना विचारतोय. गोमूत्र शिंपडणाऱ्यांना अर्थ कळला असता तर त्यांचे हात थांबले असते, इतका भाबडा मी नाही. पण शिंपडणारे मूठभर. गप्प बसून बघणारे शेजारी लाखभर. त्यांच्या कानावर आपले शब्द रोज पडतात, अर्थ कधीच पडत नाही. मग अर्थ कोण सांगतं? व्हॉट्सअॅप.

खरं तर रोजच्या दुवांमध्ये लपवण्यासारखं काय आहे? घास घेताना देवाचं नाव, जेवण झाल्यावर ज्याने खाऊपिऊ घातलं त्याचे आभार. गाडीवर बसल्यावरच्या दुवेत माणूस कबूल करतो की हे वाहन माझ्या ताकदीने काबूत आलेलं नाही, आणि शेवटी मला परत त्याच्याकडेच जायचंय. स्वारगेटच्या चौकात हेल्मेटशिवाय सिग्नल तोडणाऱ्या आपल्या पोरांना ही दुवा पाठ असते बरं का! आई-बापासाठीची दुवा म्हणते, मी लहान असताना यांनी मला जसं वाढवलं, तशी तू यांच्यावर दया कर. पाऊस आला की तो फायद्याचा पडो. शिंक आली की शिंकणारा देवाचे आभार मानतो, ऐकणारा त्याच्यासाठी दया मागतो.

'इन्शाअल्लाह' म्हणजे काय? देवाच्या मनात असेल तर. 'माशाअल्लाह'? कौतुक करताना, दृष्ट लागू नये म्हणूनही घरोघरी म्हणतात. हे कुठल्या मराठी आजीला परकं वाटेल?

पण आपण काय करतो? पोरगं संध्याकाळी अरबीला जातं. सहा-सात वर्षांचं लेकरू चाळीस दुवा घडाघडा म्हणतं, आपण पाहुण्यांसमोर म्हणवून घेतो, शाबासकी देतो. अर्थ विचारा, पोरगं आपल्याकडे बघतं, आपण मौलानांकडे. बऱ्याच पुस्तकांत अर्थ असतो, पण उर्दूत. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला ती लिपीच वाचता येत नाही. इंग्रजी शाळेतल्याचीही तीच गत.

आता कॉमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच, "दलवाई व्हायचंय का?" हमीद दलवाईंनी याच पुण्यात 22 मार्च 1970 ला मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांची लढाई तलाकची, कायद्याची होती. माझी मागणी त्याहून फार साधी आहे. नमाजातली अरबी तशीच राहू द्या. अरबी दुवाही पाठ करा, त्यात सवाब आहे हे मीही मानतो. पण नमाजाबाहेर आपल्या भाषेत अल्लाहकडे मागायला कोणाची बंदी आहे? मौलानाही हेच सांगतात. मग मुलांना कोणी का सांगत नाही?

दुसरा आक्षेप: "मराठी आपली कुठे?" अहो, कोकणात, साताऱ्यात, सोलापुरात मुलाणी, तांबोळी, अत्तारांच्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत लिहीत होते. आणि 'दुवा' हा शब्द मराठीने कधीच आपला केलाय. गावाकडची म्हातारी पोटभर जेवू घालणाऱ्याला दुवाच देते, मग ती कुठल्याही धर्माची असो.

न समजता मागितलेल्या दुवेने माणूस बदलत नाही, हे माझं खरं दुखणं आहे. आई-बापासाठी रोज दया मागायची आणि त्याच आईला दवाखान्यात न्यायला भावाभावांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं. अर्थ कळला असता तर निदान लाज तरी वाटली असती.

म्हणून कोंढवा, कॅम्प, मोमीनपुरा, नाना पेठ, सगळीकडच्या मशीद कमिट्यांना सांगणं आहे: रोजच्या वीस दुवा निवडा. वर अरबी, खाली सोपा मराठी अर्थ. जाणत्या आलिमांकडून तपासून घ्या. एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. मुलांना द्या, जुम्याच्या बयानात दर आठवड्याला एक दुवा समजावून सांगा. एक फलक मशिदीबाहेर, रस्त्यावरच्या माणसाला वाचता येईल असा लावा.

जलशाच्या मंडपाला पैसे जमतात. या कागदाला का जमू नयेत?