पुडिंगमधले अंगुस्तान



दिवाळीच्या फराळाचे डबे घासून माळ्यावर जातात न जातात तोच नाताळ येतो. आपल्या वाचकांत वसईच्या, नगर-जालन्याकडच्या, गोव्याच्या ख्रिस्ती मैत्रिणी आहेत. नगरकडे नाताळाला करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात. गोव्यात नेवऱ्या, दोदोल, बेबिंक. विलायतेचे ते प्रसिद्ध ख्रिसमस पुडिंग यांतल्या फार थोड्या घरांत शिजत असेल. मग त्यावर संपादकीय कशाला, असे आमच्या बैठकीतही विचारले गेले. माझे म्हणणे एवढेच, की सणाचे काम कोण करते, त्याचे पैसे कोण साठवते, साखर कुणाच्या घामाची आणि खाण्यावरून बाईची परीक्षा कोण घेते, हे सगळे आपले प्रश्न या एका पातेल्यात शिजलेले दिसतात.

ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. बेदाणे, मनुका, साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल, पावाचा चुरा, मैदा, अंडी, तपकिरी साखर, दालचिनी-लवंग-जायफळ, बिअर किंवा ब्रँडी, आणि गाईबैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी, तीही किसून. याला प्लम पुडिंगही म्हणतात, पण त्यात प्लम नसते. जुन्या इंग्रजीत मनुकांनाच तसे म्हणत. हा गोळा सहा-आठ तास उकडायचा, काही आठवडे मुरवायचा, नाताळाच्या दिवशी पुन्हा दोनेक तास वाफवायचा आणि वर ब्रँडी ओतून पेटवायचा. दिवे मालवलेले, निळी ज्योत, सगळ्यांच्या टाळ्या. हा ज्योतीचा क्षण मोजून अर्ध्या मिनिटाचा.

त्याआधीचे तास मात्र कुणी मोजत नाही. अॅडव्हेंटच्या आदल्या रविवारी इंग्लंडच्या चर्चमध्ये जी प्रार्थना म्हणत तिच्या सुरुवातीलाच ‘ढवळून जागे कर’ अशा अर्थाचे शब्द आहेत. मागणे असते भाविकांची इच्छाशक्ती जागी करण्याचे. पण ते कानावर पडले की घरी जाऊन पुडिंग ढवळायला घ्यायचे, असा लोकांनी सोयीचा अर्थ लावला आणि त्या रविवारचे नावच ‘ढवळण्याचा रविवार’ पडले. घरातल्या प्रत्येकाने एकेक वेढा द्यायचा, तोही पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण मागी लोक पूर्वेकडून आले. आणि मनात एक इच्छा धरायची. जिन्नस तेरा असावेत, येशू आणि त्याचे बारा शिष्य म्हणून. (तेराही पुरुष, हे ओघाने आलेच.) आता बघा, सगळ्यांनी एकेक वेढा दिला, हे चित्र किती गोड! पण बिनबियांच्या मनुका बाजारात येण्यापूर्वी एकेक मनुका चिरून बी काढणारी कोण? साखरेचा सुळका फोडून कुटणारी, चरबीचे पापुद्रे सोलून ती किसणारी, फडके उकळून त्यावर पीठ चोळणारी, आणि आठ तास आधण कमी होऊ नये म्हणून चुलीपाशी बसून राहणारी? श्रीमंताघरी मोलकरीण, गरिबाघरी आई. वेढा सगळ्यांचा, आणि काम तिचे. आपल्याकडे लाडू वळायला पोरे बसवतात आणि मग ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केले’ म्हणतात, तसेच हे.

डिकन्सने १८४३ साली जी नाताळची गोष्ट लिहिली तीत गरीब क्रॅचिट कुटुंबाचे पुडिंग आहे. ते शिजते कपडे उकळायच्या हंड्यात, त्यामुळे घरभर धुण्याच्या दिवसासारखा वास सुटतो. क्रॅचिटबाई एकटी उठून ते आणायला जाते, कारण तिच्या घालमेलीला साक्षीदार नको असतो. नीट शिजले नसले तर? काढताना फुटले तर? पीठ कमीजास्त पडले असेल का? पुडिंग चांगले निघते, नवरा तोंडभर स्तुती करतो, एवढ्या माणसांना ते लहान आहे असे कुणी बोलत नाही. लेखक पुरुष, पण ही बाईच्या पोटातली धाकधूक त्याने बरोबर टिपली आहे. ती धाकधूक बाईच्याच वाट्याला का, हा प्रश्न मात्र त्याला पडला नाही.

पुढच्या दोन वर्षांत, १८४५ मध्ये, एलायझा अॅक्टनचे स्वयंपाकाचे पुस्तक निघाले. ‘ख्रिसमस पुडिंग’ हे नाव छापील पाककृतीला प्रथम तिने दिले असे मानतात. बाई मुळात कवयित्री. १८२६ मध्ये तिचा कवितासंग्रह निघाला होता. पुढे कविता घेऊन प्रकाशकाकडे गेली तेव्हा, कविता नकोत, स्वयंपाकाचे पुस्तक आणा, असे तिला सांगितल्याचे म्हणतात. गोष्ट शब्दशः खरी असो-नसो, आपल्यातल्या किती लिहित्या बायकांना ती आपली वाटेल! तिने ते काम इतक्या काटेकोरपणे केले की जिन्नसांची मापे आणि लागणारा वेळ वेगळा काढून देण्याची पद्धत तिच्यापासून रुळली. लोकांनी तिच्या कृती बेधडक उचलल्या. १८५५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिने त्याबद्दल उघड तक्रार केली आहे. १८६१ मध्ये मिसेस बीटनचे जाडजूड पुस्तक निघाले, त्यातही अॅक्टनच्या कृती नाव न घेता आल्या. तोवर ती वारली होती. आणि ही इझाबेला बीटन, जिला जग अनुभवी, पोक्त गृहिणी समजत आले, ती १८६५ मध्ये चौथ्या बाळंतपणानंतरच्या तापाने गेली तेव्हा अवघी अठ्ठावीस वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर प्रकाशकांनी तिचे नाव पुढे चालवले, कमाई केली. एकीचे श्रम दुसरीच्या नावावर आणि दोघींचा नफा तिसऱ्याच्या खिशात.

आता साखरेकडे वळू. १९२६ मध्ये ब्रिटिश सरकारने साम्राज्यातला माल खपवण्यासाठी ‘एम्पायर मार्केटिंग बोर्ड’ काढले. १९२७ च्या नाताळाला या बोर्डाने राजाच्या आचाऱ्याकडून ‘साम्राज्याचे पुडिंग’ करवून त्याची कृती गृहिणींत वाटली. सतरा जिन्नस, प्रत्येकापुढे देशाचे नाव. मनुका ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिकेच्या, लवंग झांझिबारची, रम जमैकाची. हिंदुस्थानच्या वाट्याला काय? दालचिनी आणि चमचाभर मसाला. १९३० मध्ये यावर ‘वन फॅमिली’ नावाचा चित्रपटही काढला, त्यात एक मुलगा साम्राज्यभर हिंडून पुडिंगचे जिन्नस गोळा करतो. एक कुटुंब म्हणे! साखरेपुढे नाव होते वेस्ट इंडीज आणि ब्रिटिश गियानाचे. गुलामगिरी संपल्यावर १८३८ पासून त्याच गियानाच्या मळ्यांत हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले गेले, त्यांत बायकाही होत्या, बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातल्या. म्हणजे आपले नाव मसाल्यापुढे छापले, साखरेतला घाम बिननावाचा राहिला. आपल्याकडे बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत पोचला, तेव्हा साखरेकडे पाहण्याची ही नजर मला फार दूरची वाटत नाही.

ही नजर ज्यांनी आधी दाखवली त्याही बायकाच. १७९१ नंतर इंग्लंडात हजारो घरांनी गुलामांच्या श्रमाची साखर नाकारली. घरात काय येणार हे ठरवणे एवढीच सत्ता बायकांच्या हाती होती, ती त्यांनी वापरली. १८२४ मध्ये लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिकने पत्रक काढले की गुलामी हळूहळू नको, आत्ताच संपवा. मैत्रीण सुझाना वॉट्सबरोबर ती दारोदार फिरली, साखर घेऊ नका म्हणून सांगत. चळवळीचे मोठे पुढारी विल्बरफोर्स यांना बायकांनी असे घरोघर फिरणे, सभा घेणे पसंत नव्हते. (वाचून हसू आले ना?) १८३० मध्ये बर्मिंगहॅमच्या बायकांच्या मंडळाने मध्यवर्ती संस्थेला बजावले, ‘हळूहळू’ हा शब्द काढला नाहीत तर आमची देणगी मिळणार नाही. शब्द निघाला. १८३३ चा कायदा पाहायला हेरिक उरली नव्हती; ती १८३१ मध्येच गेली.

आणि आता आपल्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये, पंचविशीतली ही विधवा लहानग्या मनोरमेला घेऊन विलायतेत वाँटेजच्या जोगिणींच्या मठात गेली. त्याच सप्टेंबरात दोघींनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, शाकाहार सोडला नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना यात जातीचा गर्व दिसला; ख्रिस्ती झालीस तर आमच्यासारखे खा, असा तो आग्रह. रमाबाईंचे उत्तर पत्रांतून छापलेले आहे. माझा अहंकार तुम्हाला पाय-पुडिंगात आणि लोण्या-दुधात शोधायचा तर शोधा, पण इतरांना ज्याने इजा नाही असे माझ्या पूर्वजांचे रिवाज मी गरज नसताना टाकणार नाही, असा त्याचा आशय. एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात राहून आपल्या चालीरीती न सोडेल तर तिला कुणी गर्विष्ठ म्हणाल का, हा त्यांचा उलट सवाल.

मला या प्रसंगात दोन्ही बाजू दिसतात आणि एकही सोडवत नाही. ब्राह्मणी शाकाहार निरागस नसतो. त्याने आपल्याकडे किती जणींना पंगतीबाहेर ठेवले हे दलित मैत्रिणींनी आपल्याला शिबिरांतून सुनावले आहे, आणि आपल्यातला जातीचा संस्कार पुरता गेलेला नाही हे रमाबाईही नाकारत नाहीत. पण परदेशात, परक्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या एकट्या बाईची निष्ठा तिच्या ताटावरून तपासणे हीही दांडगाई. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाचे मांस घरात ठेवणाराची निष्ठा कशी मोजली जाते, हे आपण पाहतो. रमाबाईंनी ‘नको’ म्हटले त्या हक्कात, ज्यांना हवे त्यांचा ‘हवे’ म्हणण्याचा हक्कही बसतो असे मी मानते. आमच्या गटात सगळ्यांना हे पटलेले नाही; वाद चालू आहे.

हे पुडिंग मी स्वतः एकदाच खाल्ले, बर्मिंगहॅममधल्या एका बायकांच्या केंद्रात. जड, काळपट, दुसऱ्या घासाला पुरे वाटणारे. करणारी म्हातारी सांगत होती, तिच्या लहानपणी पुडिंगमध्ये वस्तू लपवत. नाणे मिळाले तर पैसा, अंगठी मिळाली तर वर्षात लग्न. मुलग्याला गुंडी मिळाली तर तो सडा राहणार, मुलीला अंगुस्तान मिळाले तर ती बिनलग्नाची, शिवत बसणार. सगळी टेबलभर हसत. तिला चौदाव्या वर्षी अंगुस्तान मिळाले, आई रडली म्हणे. पुढे ती खरोखरच शिवणकारखान्यात लागली, युनियनची वर्गणी गोळा केली, लग्न केले नाही. ‘ते अजून वापरते,’ म्हणाली.

तिच्याकडूनच पुडिंग क्लबची माहिती कळली. वाण्याकडे आठवड्याला चार पेन्या भरायच्या, नाताळाला मनुका, साखर, पीठ घ्यायचे. आपल्या भिशीची ही सख्खी बहीण. नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून पैसा घराबाहेर ठेवायचा, हे कारणही तेच. पुढे या क्लबांच्या कंपन्या झाल्या. २००६ च्या ऑक्टोबरात, नाताळ अडीच महिन्यांवर असताना, फेअरपॅक ही तिथली नाताळ-बचतीची कंपनी बुडाली. लाखाहून अधिक कुटुंबांची वर्षभराची पुंजी गेली, त्यांत कमी कमाईच्या बायका फार. शेजारणी-नातलगांकडून पैसे गोळा करणाऱ्या एजंटही बहुधा बायकाच, तोंड दाखवायची चोरी झाली ती त्यांना. निम्म्याच्या आसपास पैसे परत यायला वर्षे गेली. कायद्याच्या लेखी या बायका फक्त ‘तारण नसलेल्या धनको’ होत्या, बँका आधी, त्या शेवटी. नंतर या धंद्यातल्या कंपन्यांनी ग्राहकांचे पैसे वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवण्याची व्यवस्था केली.

हे वाचून आपल्या वस्तीतली दिवाळी भिशी डोळ्यांपुढे आली असेल, तर एक काम करा. तुमच्या भिशीची वही कुणाकडे असते, पैसे कुणाच्या नावाने ठेवतात, एखादीने मध्येच सोडले तर काय करता, भिशी बुडाली असेल तर ती गोळा करणाऱ्या बाईचे पुढे काय झाले, हे आम्हाला लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर कार्यकर्तीकडून लिहून घ्या. माणसांची नावे नकोत, नियम आणि आकडे हवेत. फेब्रुवारीअखेरपर्यंत आलेली पत्रे पुढच्या अंकात घेऊ.