कडी काढा, किल्ली शेजारी द्या

एमआरआय साफ आला. ईईजीत काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही. आणि पुढच्याच महिन्यात फिट पुन्हा आली.

असं झालं की घर घाबरतं, आणि घाबरलेलं घर सगळ्यात आधी तुमचं बाहेर जाणं बंद करतं. त्याआधी थोडं ऐका.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या, सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये कारण सापडतच नाही. यात तुमचं काही चुकलेलं नाही. कोणाची नजरही लागलेली नाही. ईईजी म्हणजे मेंदूच्या कामाची थोड्या वेळाची नोंद. तेवढ्या वेळात मेंदू शांत असेल तर कागदही शांतच येणार.

म्हणून घरच्यांना सांगून ठेवा: फिट आली तर एकाने सांभाळायचं, दुसऱ्याने मोबाइलवर चित्रीकरण करायचं. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. कारण साखर उतरली, सोडियम कमी झालं, नुसती भोवळ आली, तरी झटके येऊ शकतात. मनावरच्या ताणानेही येतात, आणि ते नाटक नसतं. पण प्रत्येक कारणाचं औषध वेगळं. एका वहीत तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, चुकलेली गोळी, पाळीचे दिवस लिहीत जा.

गोळी मनाने बंद करू नका. आठवड्याचा साठा शिल्लक असतानाच नवी पाकिटं आणा. अपस्मार असेल आणि योग्य औषध नियमित घेतलं, तर दहापैकी सात जणांच्या फिट थांबू शकतात. दोन औषधं नीट घेऊनही थांबत नसतील तर परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागात दाखवा. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. काही गोळ्या, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भाला घातक ठरू शकतात. त्या बदलायच्या त्याही डॉक्टरांनीच.

आता घर. बाथरूमची आतली कडी आजच काढा. आत कोणी आहे हे कळायला दारावर टॉवेल टाकला की पुरे. आंघोळ बसून करा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. स्वयंपाक मागच्या शेगडीवर, भांड्याचे दांडे भिंतीकडे वळवून. कढईभर तेलातलं तळण घरात दुसरं कोणी असेल तेव्हा.

नवी मुंबईतल्या उलव्यात नोकरीसाठी एकटे राहत असाल तर एक जास्तीची किल्ली शेजारी द्या. आणि आतून साखळी लावू नका. नाहीतर किल्ली असूनही शेजारी दाराबाहेरच उभे राहतील. वॉचमनलाही सांगा. लाज वाटते, मान्य. पण लपवलं की वेळेला मदत करणाऱ्याला काय करायचं ते माहीत नसतं, आणि मग तो कांदा शोधत बसतो. कांद्याने, चपलेने, लोखंडी किल्लीने फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते, आणि श्रेय कांदा घेऊन जातो.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ‘मला फिट येते. कुशीवर वळवा. दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता पुन्हा आली, तर १०८ ला फोन करा.’ खाली घरचा नंबर.

खारकोपर किंवा बामणडोंगरी स्टेशनवर गाडीची वाट बघताना बाकावर बसा. गाडी पूर्ण थांबल्यावर उठा. आत गेल्यावर दारात थांबू नका.

सगळ्यात अवघड गोष्ट स्कूटर. उलव्यात स्कूटर म्हणजे पायच. ती सुटली की हातपाय बांधल्यासारखं होतं, हे मला कळतं. तरीही डॉक्टरांनी स्पष्ट सांगेपर्यंत ती चालवू नका. लायसन्सच्या अर्जातही अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपणं आहे का, हे विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहू नका. रिक्षाचे आणि एनएमएमटीच्या बसचे पैसे महिन्याच्या खर्चात धरा, किराण्यासारखे. घरच्यांनी त्यावर कुरकुर करू नये.

२५ डिसेंबर २०२५ पासून शेजारच्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुरू झाली. तिथे नोकरी मिळत असेल तर जरूर बघा, पण कामाच्या पाळीचं आधी विचारा. झोपमोडीने अनेकांना फिट येते. रात्रपाळी आणि उंचावरचं काम नको, एवढं स्पष्ट सांगा. बाकी कामाला तुम्ही कमी नाही.

लग्नाचंही सांगते. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात अपस्माराची अट होती. १९९९च्या दुरुस्तीने ती गेली. तरी लपवून लग्न करू नका. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी अपस्मार असलेल्यांसाठी ‘संवेदना’ हा गट उभा केला. त्यांना स्वतःलाही हा त्रास होता. तिथे लग्न जुळवण्याचं कामही झालं आहे.

आता घरच्यांसाठी. डॉक्टरांनी प्रश्न विचारला की उत्तर जिला फिट येते तिलाच देऊ द्या. बेशुद्धीतलं काय घडलं तेवढं तुम्ही सांगा. अर्ध्या अर्ध्या तासाने फोन करू नका. पोहोचल्यावर एक मेसेज, निघताना एक, असं दोघांनी मिळून ठरवा. तिचा पगार, तिचं बँकेचं कार्ड, तिच्या गोळ्यांची डबी तिच्याकडेच राहू द्या.

फिट थांबल्यावर भोवती गर्दी करू नका. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजू नका. झोपू द्या. उठल्यावर तिच्या ऑफिसला परस्पर फोन लावू नका. उद्या कामावर जायचं का, हे आधी तिला विचारा.