अडीचशे पिल्लं मोजली कुणी?

२०२१ च्या डिसेंबरात आपल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ जगभर गाजलं होतं, आठवतंय ना? माकडांनी सूड म्हणून कुत्र्याची अडीचशे पिल्लं मारली, अशी ती बातमी. पार परदेशातल्या पेपरांपर्यंत गेली, तिच्यावर विनोद झाले, चित्रं फिरली. मग वनखात्याने दोन जनावरं पकडून नेली आणि सगळे विसरले.

मी मात्र तिथेच अडकलोय. अडीचशे हा आकडा मोजला कुणी? आणि सूडच आहे हे ठरवलं कुणी? मुळात ती माकडं नव्हतीच, वानरं होती. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. हा फरक आपल्याकडच्या चौथीतल्या पोरालाही कळतो. वानरांच्या टोळीत एकीचं पिल्लू दुसरी उचलून फिरवते, हे अभ्यासकांनी कधीचंच नोंदवलंय. पिल्लं उंचावर नेली जायची आणि तिथे अन्नपाण्यावाचून किंवा खाली पडून मरायची, हे त्या वेळच्या बातम्यांतही खाली कुठेतरी होतंच. मग हा सूड की भलतंच काही? गावात चार दिवस मुक्काम करून, छपरावर कॅमेरा लावून, एखाद्या वानर-अभ्यासकाला शेजारी बसवून हे विचारणारा माणूस हवा होता. तो नव्हता, म्हणून जगाने आपली गंमत पाहिली.

अशा माणसाला विज्ञान व्हिडिओ पत्रकार म्हणतात. हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्या नात्यातल्या एका मुलाला हेच व्हायचंय. घरात अर्थातच वादळ! नीट दे, डीएड कर, पोलीस भरतीला पळ, पण हे कसलं खूळ? काकांचा प्रश्न रोखठोक होता, “पगार कोण देणार?”

काकांचं चूक नाही. या कामाची जाहिरात पेपरात येत नाही. विज्ञान लोकांपर्यंत पोचवण्यासाठी सरकारने १९८९ साली काढलेली ‘विज्ञान प्रसार’ ही संस्थासुद्धा २०२३ मध्ये बंद झाली. म्हणजे पहिली काही वर्षं लग्नाच्या शूटिंगवर पोट भरावं लागेल, हे त्याने धरूनच चालावं.

पण खूळ म्हणू नका. ‘आमची माती आमची माणसं’ लागलं की काका घरात कुणाला बोलू द्यायचे नाहीत, ते काय होतं? पुण्यात आयुकामध्ये अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे छोटे छोटे व्हिडिओ केले, मराठीतही केले, फुकट दिले. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. गोगलगायींनी २०२२ मध्ये आपल्याकडची सोयाबीनची रोपं फस्त केली, तेव्हा त्या रात्री बाहेर पडतात आणि दिवसा बांधाच्या आडोशाला लपतात, हे बॅटरीच्या उजेडात चित्रित केलेल्या तीन मिनिटांत जितकं कळतं तितकं पत्रक वाचून कळत नाही.

आणि आता खरं सांगायचं ते. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. पाळीमुळे खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, उचल फिटायची राहणार, आणि वर कॅन्सरची भीती घातलेली. त्या बायका साधं बोलतात, “पिशवी काढली.” हे उजेडात आणलं पत्रकारांनीच, त्याबद्दल त्यांना नमस्कार. पण ते वाचलं तुम्ही-आम्ही. फडावर कोयता चालवणारीने काय वाचलं? पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी अकाली बंद होते, हाडं ठिसूळ होतात, अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तिला तिच्या बोलीत, चित्र काढून कुणी दाखवलं? फोन तिच्याकडेही आहे. त्याच्यावर भोंदू वैद्यांचे व्हिडिओ रोज येतात. खरं सांगणारा येत नाही.

म्हणून माझं मत असं, की पोराला जाऊ द्या. फक्त त्याच्याकडून तीन गोष्टी कबूल करून घ्या. बीएस्सी पूर्ण करायची. परभणीच्या कृषी विद्यापीठातले, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजातले जाणकार गाठून दोघांकडून खात्री झाल्याशिवाय व्हिडिओ टाकायचा नाही. आणि कुणाच्या दुःखाचं चित्रण तिला विचारल्याशिवाय करायचं नाही. कॅमेरा घेणं त्या मानाने सोपं आहे हो.

पुण्या-मुंबईला विज्ञानाच्या बातम्या देणारे मिळतील. लवूळला, धारूरला, पाटोद्याला कोण जाणार? तिथलाच कुणीतरी गेला पाहिजे. पगाराचं काय ते आपण चार नातेवाईक मिळून बघू की. लग्नात आहेर करतो, तसा एखादा मायक्रोफोन. काय म्हणता?