आधार क्रमांक आणि रुग्णाचा विश्वास

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांत हा बारा अंकी क्रमांक पोहोचला आहे. त्याविषयीचे लोकमत मात्र दुभंगलेले आहे. मध्यस्थ टळून अनुदान थेट खात्यात जमा होते, म्हणून अनेकांना तो वरदान वाटतो. उलटपक्षी, वीटभट्टीवर राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या मजुराचा अंगठा रेशन दुकानातील यंत्रावर जुळत नाही, तेव्हा त्याला तोच क्रमांक अडसर वाटतो.

गोपनीयतेचा विषय निघाला की शेणव्यासारख्या गावात एक उत्तर हमखास ऐकू येते : "आम्हां गरिबांकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?" हे मत प्रामाणिक आहे, परंतु ते पूर्ण सत्य नाही, असे आम्हांस वाटते. हेच उत्तर देणारे स्त्री-पुरुष अर्श, क्षय अथवा वंध्यत्व यांविषयी बोलताना दाराकडे पाहतात आणि आवाज खाली आणतात. लपवण्यासारखे त्यांच्याकडे आहे, आणि ते त्यांनी आपल्या स्वाधीन केले आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने शासकीय अनुदानांसाठी आधार वैध ठरवले, पण खासगी कंपन्यांना कराराच्या बळावर आधार-पडताळणीची मुभा देणारी तरतूद रद्द केली. आपणां वैद्यांना हा विचार नवा नाही. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, हा दंडक चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला केलेल्या उपदेशातच आहे.

असे असता काही चिकित्सालयांत व औषधी दुकानांत आधारच्या झेरॉक्स नोंदवहीला टाचलेल्या असतात आणि वही गल्ल्याशेजारी उघडी पडलेली असते. क्रमांक रोगाच्या नावाशेजारी लिहिला की माणूस आणि व्याधी यांची कायमची गाठ बसते. कारण हा क्रमांक जन्मभराचा असतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ साली देशभर सुरू झाले. त्यातील चौदा अंकी आभा क्रमांकही ऐच्छिकच आहे. त्यामुळे जुने अहवाल सांभाळण्याचा त्रास वाचतो, हे आम्ही नाकारत नाही. तथापि तो काढावयाचा तर रुग्णास समजेल अशा भाषेत सर्व सांगून, त्याच्या संमतीनेच काढावा.

वैद्यबंधू-भगिनी व औषधालयचालक यांना आमची विनंती आहे की, गरज नसता आधारची प्रत मागू नये. ओळख हवीच असेल तेथे केवळ अखेरचे चार अंक दिसणारी प्रत चालवावी. नोंदवही कुलपात ठेवावी. कार्ड नाही म्हणून कोणासही विन्मुख पाठवू नये. विश्वास गेला की रुग्ण लक्षणे लपवतो, आणि लपवलेल्या लक्षणांवरून निदान होत नाही.