माळ्यावरची छागल

मंडळी, गेल्या एप्रिलची गोष्ट. भाचा सायकलवर इंदूरहून निघाला होता. महू, मग जाम घाट उतरून मंडलेश्वर, रात्री नर्मदेकाठी मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. निघायच्या आधी त्याचं सामान गंमत म्हणून वजनकाट्यावर ठेवलं. तंबू तीन किलो, स्लीपिंग बॅग दीड, गादी आणि शेगडी मिळून आणखी दीड. झाले सहा किलो! आणि पाणी? एकेक लिटरच्या दोन बाटल्या.

म्हटलं, "अरे, एप्रिलात स्लीपिंग बॅग?" तर म्हणे, "मामा, यादीत आहे." यादी कुठली, तर थंड मुलखातल्या लोकांनी केलेली.

आपल्या माळव्याच्या रात्री गार, पण जाम दरवाजा ओलांडून खाली उतरलं की निमाड लागतो. तिथे सूर्य मावळला तरी दगड तापलेलेच. डासांमुळे याने तंबू गच्च बंद केला. वर पावसाचं कापड, त्यामुळे वारा शिरायला जागाच नाही. मध्यरात्री फोन आला, "मामा, हा तंबू नाही, तंदूर आहे!"

रात्रभर झोप नाही, त्यामुळे सकाळी निघायला उशीर झाला. अकराच्या उन्हात घाट चढताना पाणी संपलं, मळमळायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. एका दूधवाल्याने सावलीत बसवून अंगावर पाणी ओतलं, म्हणून निभावलं. ताईला हे आठ दिवसांनी कळलं. त्यावर काय झालं ते लिहीत नाही.

मला माझे काका आठवले. सत्तरच्या दशकात ते याच नर्मदेला सायकलवर जायचे. मागे कॅरिअरला वळकटी, तिच्यात सतरंजी, सुती चादर, मच्छरदाणी, दोरी. खांद्यावर पंचा. आणि दांडीला कॅनव्हासची छागल. कापडातून पाणी पाझरायचं, वाऱ्याने उडायचं आणि आतलं गार व्हायचं. माठाचंच तत्त्व.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. सतरंजी जड होती, आणि विंचवाची भीती खरीच आहे. पण काकांची निवड ऊन बघून केलेली होती, आणि आपली मुलं किंमत बघून करून राहिलीत.

माझं मत सरळ आहे. उन्हाळी सायकलप्रवासात हलकं सामान घ्यायचं ते पाण्याला जागा व्हावी म्हणून. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. स्लीपिंग बॅग घरी ठेवली की दीड लिटर पाणी वाढलं. तंबू घ्यायचाच तर आतला भाग पूर्ण जाळीचा आणि बूड जाड कापडाचं असा घ्या. वरचं कापड सुटं असू द्या, पाऊस दिसला तरच चढवा. पांघरायला एक पातळ चादर पुरे. शेगडीही नको. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे न्या. मीठ-साखरेची पुडी मात्र हवीच. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आणि पहाटे निघा, दहाच्या आत सावली गाठा.

गोवा-कोकणातल्या मंडळींनी मात्र हे जसंच्या तसं घेऊ नये. ओला पंचा आणि छागल ही कोरड्या हवेची सोय. दमट हवेत पाणी लवकर उडत नाही, सुती सदरा दिवसभर अंगाला चिकटून राहतो. तिथे लवकर वाळणारं पातळ कापड बरं. म्हणजे यादी पुण्याची असो की परदेशातली, आपल्या गावच्या हवेशी ताडून बघायलाच हवी.

भाचा परवा येऊन काकांची छागल मागून गेला. माळ्यावरून काढली, तर शिवण उसवलेली. आता शिवून देणारा शोधतोय. तुमच्याकडे कुणाची आहे का अजून? असली तर फोटो टाका.